शेवटचे वीस मीटर : दुर्ग-भिलाईच्या टेलिव्हिजनची केबल

उपग्रहाद्वारे शैक्षणिक टेलिव्हिजनचा भारतीय प्रयोग, म्हणजेच ‘साइट’, सुरू झाल्याला १ ऑगस्ट २०२५ रोजी ५० वर्षे पूर्ण झाली. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये या प्रयोगाचे सूत्रधार प्रा. एकनाथ वसंत चिटणीस यांचे वयाची शंभरी ओलांडल्यावर पुण्यात निधन झाले. या दोन्ही निमित्तांनी उपग्रहाविषयी, विक्रम साराभाईंच्या दूरदृष्टीविषयी आणि खेड्यातल्या पडद्यासमोर बसलेल्या गर्दीविषयी पुष्कळ लिहिले गेले. अँटेनापासून संचापर्यंत जाणाऱ्या तारेचा उल्लेख मात्र क्वचितच झाला. आकाशातून आलेला संकेत ज्या काही मीटर केबलमधून घरात किंवा शाळेत उतरतो, तिच्याकडे इतिहासाचे लक्ष सहसा जात नाही. छत्तीसगडातील दुर्ग-भिलाईचा परिसर हा अपवाद करण्याजोगा आहे. तेथे अवघ्या दोन वर्षांत टेलिव्हिजन दोन निरनिराळ्या दिशांनी आला, दोन निरनिराळ्या अँटेनांवर उतरला, आणि तो कोणाच्या वाट्याला आला हेही त्या अँटेनांबरोबर बदलले.

१९७५ मध्ये छत्तीसगड हे राज्य नव्हते. भिलाई मध्य प्रदेशातील दुर्ग जिल्ह्यात होती. मराठी वाचकाला हा प्रदेश परका वाटू नये. नागपूरच्या भोसल्यांची सत्ता येथे अठराव्या शतकात पोहोचली होती, आणि १९५६ पर्यंत दुर्ग व रायपूर हे जिल्हे ज्या प्रांतात होते, त्याची राजधानी नागपूर होती. सोव्हिएत साहाय्याने उभारलेल्या भिलाई पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली. नियोजनपूर्वक वसवलेल्या या नगरीत शाळा, रुग्णालय, रुंद रस्ते, वीज, सारे काही होते. टेलिव्हिजन मात्र नव्हता. दिल्लीत तो १९५९ मध्ये आणि मुंबईत १९७२ मध्ये आला. भिलाईपासून ही दोन्ही शहरे इतकी दूर होती की छपरावर कितीही उंच काठी उभारली, तरी तिथले चित्र दिसण्याची शक्यता नव्हती.

मग जे घडले ते नेहमीच्या क्रमाच्या उलट होते. पोलादनगरीच्या आधी तिच्या भोवतालच्या जिल्ह्यांतील निवडक खेड्यांत टेलिव्हिजन पोहोचला.

अणुऊर्जा विभाग आणि नासा यांच्यात सप्टेंबर १९६९ मध्ये करार झाला. अमेरिकेचा एटीएस-६ हा उपग्रह एक वर्षासाठी भारताच्या उपयोगासाठी देण्याचे त्यात ठरले. साराभाईंचे डिसेंबर १९७१ मध्ये निधन झाले, पण काम थांबले नाही. कोल्हापुरात जन्मलेले चिटणीस त्यांचे जुने सहकारी. थुंबा येथील अग्निबाण प्रक्षेपण केंद्राची जागा शोधण्यातही त्यांचा सहभाग होता. साइटच्या व्यवस्थापनाची धुरा त्यांनी वाहिली. एटीएस-६ हा ३० मे १९७४ रोजी अवकाशात गेला आणि पुढच्या वर्षी त्याला पूर्व आफ्रिकेच्या वर, ३५ अंश पूर्व रेखांशावर आणून ठेवण्यात आले. अहमदाबाद आणि दिल्ली येथील भूकेंद्रांतून कार्यक्रम वर पाठवायचे आणि उपग्रहाने ते सहा राज्यांतील सुमारे २,४०० गावांवर थेट उतरवायचे, अशी योजना होती. सहा समूहांपैकी एक मध्य प्रदेशात होता आणि त्यात रायपूर, बिलासपूर व दुर्ग हे जिल्हे होते.

या योजनेतील खरा अभियांत्रिकी निर्णय जमिनीवरच्या अँटेनाविषयी होता. त्या काळचे उपग्रह दुबळे असत. त्यांचा संकेत टिपण्यासाठी जमिनीवर प्रचंड तबकडी आणि अतिशय महाग यंत्रणा लागे. अहमदाबादच्या भूकेंद्रातील अशी तबकडी १४ मीटर व्यासाची होती. असे काही प्रत्येक गावात उभारणे अशक्यच होते. म्हणून तोल उलटा केला गेला. उपग्रहावर ९ मीटरहून मोठ्या व्यासाची उलगडणारी छत्री आणि ८० वॅटचा प्रक्षेपक बसवला गेला, म्हणजे जमिनीवरचे साधन लहान, स्वस्त आणि ओबडधोबड असले तरी चालावे. खेड्यात जे उभे राहिले ते ३ मीटर व्यासाचे, कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीचे परवलयाकार भांडे होते.

जाळीला भोके असतात, मग लहरी तिच्यातून निसटून का जात नाहीत? साइटचे प्रक्षेपण ८६० मेगाहर्ट्झ या कंप्रतेवर होते. त्या लहरीची लांबी सुमारे ३५ सेंटिमीटर भरते. भोक लहरीच्या लांबीच्या मानाने बरेच लहान असले, की लहरीच्या दृष्टीने जाळी आणि अखंड पत्रा यांत फारसा फरक उरत नाही. पत्र्यापेक्षा जाळी हलकी, स्वस्त, आणि वाऱ्याला वाट देणारी. वैशाखातल्या वावटळींच्या प्रदेशात हा शेवटचा गुण मोलाचा होता. शिवाय ३ मीटरच्या भांड्याची नजर या लहरलांबीला सुमारे ८ अंश रुंद असते. उपग्रह एका जागी स्थिर, नजर रुंद. त्यामुळे एकदा दिशा साधली की भांडे हलवण्याचे कारण नसे. दुर्ग जिल्ह्यातून पाहिले असता तो उपग्रह नैर्ऋत्येच्याही पलीकडे, दक्षिणेपासून पश्चिमेकडे सुमारे ७१ अंशांवर आणि क्षितिजापासून जेमतेम ३३ अंश उंचीवर होता. म्हणजे जाळी आभाळाकडे तोंड करून बसलेली नसे. दुपार कलल्यावर सूर्य जिकडे झुकतो, साधारण तिकडे तिचे तोंड असे.

तिथून पुढे कथा तारेची सुरू होते. गावातील यंत्रणेचे तीन भाग होते: अँटेना, ‘फ्रंट-एंड कन्व्हर्टर’ नावाचा डबा आणि टेलिव्हिजन संच. हैदराबादच्या इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन ऑफ इंडियाने ही उपकरणे तयार केली. मधला डबा आवश्यक होता, कारण नेहमीच्या टेलिव्हिजन प्रक्षेपणात चित्र लहरीच्या उंचीत साठवलेले असते, तर साइटमध्ये ते कंप्रतेच्या चढउतारात साठवले होते. बाजारातला संच ही भाषा जाणत नव्हता. या तिन्ही भागांना जोडणारी केबल ही साखळीतील सर्वांत साधी, सर्वांत स्वस्त आणि हवापाण्याला सर्वांत उघडी वस्तू होती.

कोॲक्शियल केबलची कल्पना जुनी आहे. मध्यभागी एक तार, तिच्याभोवती विद्युतरोधक थर, त्यावर धातूची विणलेली नळी आणि बाहेर आवरण. ऑलिव्हर हेविसाइड या स्वयंशिक्षित इंग्रज शास्त्रज्ञाने अशा रचनेचे पेटंट १८८० मध्येच घेतले होते. टेलिव्हिजनला पुरेल इतक्या रुंद पट्ट्यासाठी तिचा उपयोग करण्याचे श्रेय अमेरिकेच्या बेल टेलिफोन कंपनीतील लॉइड एस्पेनशीड आणि हर्मन ॲफेल यांच्याकडे जाते. त्यांचा पेटंट अर्ज १९२९ चा. संकेत मधल्या तारेतून पाण्यासारखा वाहतो, असा अनेकांचा समज असतो. वस्तुतः तो तार आणि विणीच्या मधल्या विद्युतरोधकातून, विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रांच्या रूपाने जातो. तार आणि वीण हे त्या वाटेचे दोन काठ होत. केबलच्या टोकाशी विणीचा एखादा केस मधल्या तारेला टेकला तर पडद्यावर नुसती मुंग्यांची वारुळे का दिसतात, याचे उत्तर यातच आहे: काठ एकमेकांना मिळाले, वाट बंद झाली.

आता या वाटेवर काय हरवते ते पाहू. एटीएस-६ पासून दुर्गपर्यंतचे अंतर सुमारे ३८,००० किलोमीटर होते. एवढे अंतर कापून, एका उपखंडाच्या मोठ्या भागावर पसरून, त्या जाळीवर जे उतरत असे ते वॅटच्या अब्जाव्या भागाहूनही पुष्कळ कमी होते. बारीक जातीची कोॲक्शियल केबल ८६० मेगाहर्ट्झला दहा-बारा मीटरमध्येच संकेताची जवळपास निम्मी शक्ती उष्णतेत घालवते. अवकाशातील प्रवासाच्या हिशेबात हजारभर किलोमीटर इकडेतिकडे झाले तरी फारसा फरक पडत नाही. पण गावात अँटेना आणि पहिला वर्धक यांच्यामध्ये दहा मीटर तार वाढली, तर संकेत अर्धा होतो. पुढे कितीही वर्धन केले तरी हे नुकसान भरून येत नाही, कारण तोवर त्यात मिसळलेला गोंगाटही तितकाच वाढतो. दुबळा संकेत आधी वाढवावा आणि मग तारेत सोडावा, हा नियम तेव्हापासून आजतागायत तसाच आहे.

प्रक्षेपण रोज चार तास चाले. सकाळी दीड तास शाळकरी मुलांसाठी, संध्याकाळी अडीच तास मोठ्यांसाठी. शेती, आरोग्य, कुटुंबनियोजन असे विषय असत. मुलांसाठी विज्ञानाचे काही कार्यक्रम इस्रोच्या मुंबईतील स्टुडिओत तयार होत. सुमारे ५०,००० प्राथमिक शिक्षकांचे प्रशिक्षणही याच माध्यमातून झाले. प्रयोग सुरू झाला तेव्हा आणीबाणी जाहीर होऊन पाचच आठवडे झाले होते, हेही नोंदवायला हवे. दिल्लीहून येणाऱ्या संध्याकाळच्या आवाजाला त्या वर्षी दुसरा आवाज नव्हता. भाषेचा प्रश्न वेगळाच होता. चार भाषांत कार्यक्रम होत, पण बिहार, राजस्थान आणि मध्य प्रदेश या तिन्ही समूहांना एकच हिंदी मिळाली. ज्याच्या घरात छत्तीसगढी बोलली जाते अशा दुर्गच्या शेतकऱ्याला दिल्लीतील हिंदीत, दुसऱ्याच प्रदेशातल्या पिकाविषयी सल्ला मिळण्याचा प्रसंग त्यामुळे संभवत होता. ज्या तंत्राने अंतर पुसून टाकले, त्यानेच स्थानिकपणही पुसले. गुजरातच्या खेडा जिल्ह्यात इस्रोने याच काळात पिज येथील लहान प्रक्षेपकावरून स्थानिक कार्यक्रम दाखवले. त्यांचे जे कौतुक झाले, त्याचे कारण तंत्रात नव्हते, तर त्या स्थानिकपणात होते.

३१ जुलै १९७६ रोजी करार संपला. उपग्रह पुन्हा पश्चिमेकडे सरकवला गेला. जाळीची भांडी जिथल्या तिथे होती, केबल शाबूत होती, संच चालू होते. पण ज्या बिंदूकडे ते भांडे पाहत होते तो बिंदू रिकामा झाला. प्रयोगाची मुदत आधीपासून ठरलेली होती, तेव्हा यात कोणी कोणाला फसवले नाही. तरीही ज्या मुलाने वर्षभर सकाळी पडद्यासमोर बसून शाळा अनुभवली, त्याला कराराची कलमे ठाऊक नसणार.

सरकारने पुढची सोय म्हणून साइटच्या समूहांत जमिनीवरचे प्रक्षेपक उभारले. रायपूरचे उपग्रह दूरदर्शन केंद्र १९७७ मध्ये सुरू झाले. नाव उपग्रहाचे, पण प्रक्षेपण मनोऱ्यावरून, हा विरोधाभास त्या नावात राहून गेला. आणि येथे भूगोलाने आपले म्हणणे पुढे केले. मनोऱ्यावरून निघणाऱ्या या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात आणि पृथ्वी गोल आहे. समजा मनोरा १०० मीटर उंच आणि घरावरची अँटेना ९ मीटर उंच असेल, तर दोघांची नजरानजर सुमारे ५४ किलोमीटरपर्यंतच होते. त्यापलीकडे चित्र लागले तरी ते हवेच्या मर्जीने. उपग्रहासाठी दुर्ग, रायपूर आणि बिलासपूर हे तिन्ही जिल्हे सारखेच होते. मनोऱ्याने मात्र त्यांच्यावर एक वर्तुळ आखले. रायपूरपासून सुमारे ३० किलोमीटरवरची भिलाई वर्तुळाच्या आत आली. शंभरहून अधिक किलोमीटर दूर असलेल्या बिलासपूरकडची खेडी, ज्यांनी १९७५ मध्ये भिलाईच्या आधी टेलिव्हिजन पाहिला होता, ती बाहेर राहिली. ‘कोणाला आधी’ या प्रश्नाचे साइटने दिलेले उत्तर मनोऱ्याने असे गुपचूप फिरवले. त्यासाठी वेगळा धोरणात्मक ठराव लागला नाही, पृथ्वीची वक्रता पुरेशी होती.

भिलाईच्या छपरांवर मग ॲल्युमिनियमच्या काड्यांची अँटेना येऊ लागली. रायपूर पूर्वेला, म्हणून तोंड पूर्वेकडे. या अँटेनाचा जनक म्हणून जगभर यागी यांचे नाव घेतले जाते, परंतु जपानमधील सेंडाई येथे १९२६ च्या सुमारास तिच्यावरचे बहुतेक प्रायोगिक काम शिन्तारो उदा यांनी केले होते. हिदेत्सुगु यागी यांनी ते इंग्रजीत जगापुढे मांडले आणि नाव त्यांचे रूढ झाले. हेच उदा १९५० च्या दशकात युनेस्कोचे तज्ज्ञ म्हणून दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत काही वर्षे राहिले होते. भारतातील कोट्यवधी छपरांवर ज्यांची अँटेना पुढे दिसू लागली, ते स्वतः त्या काळी या देशात काम करत होते, आणि हे फारच थोड्यांना माहीत असते.

या अँटेनाला केबल जोडणे हे वाटते तितके सोपे काम नव्हते. काड्यांपैकी एकच काडी तारेला जोडलेली असते. ती बहुधा दुमडलेली, लांबट कडीसारखी असते आणि तिचा इम्पीडन्स, म्हणजे उलटसुलट प्रवाहाला होणारा विरोध, सुमारे ३०० ओहम असतो. सुरुवातीच्या काळी छपरावरून उतरणारी चपटी, दोन तारांची पट्टीही ३०० ओहमचीच असे, म्हणून ती दोन स्क्रूंना थेट जोडता येई. पण ही पट्टी भिंतीला किंवा लोखंडी पाइपाला टेकली, पावसाने भिजली, की तिचे गुण बदलत. कोॲक्शियल केबलला त्याची फिकीर नाही, कारण तिचा संकेत आतच बंदिस्त असतो. मात्र ती ७५ ओहमची. ३०० ला ७५ थेट जोडले तर जोडावरूनच संकेताच्या शक्तीचा ३६ टक्के भाग परत फिरतो.

तरीही ६४ टक्के जातोच. अनेक घरांत केबलची मधली तार एका स्क्रूला आणि वीण दुसऱ्या स्क्रूला बांधून चित्र आले आणि घरमालक खूश झाला, त्याचे रहस्य हे आहे. प्रक्षेपक जवळ असला की चुकीचा जोडही खपून जातो. वर्तुळाच्या कडेवर तो खपत नाही. नेमक्या त्या ३६ टक्क्यांअभावी तिथे चित्र मुंग्यांत विरून जाते.

यावरचा उपाय ‘बॅलुन’ या नावाने ओळखला जातो, आणि तो केबलच्याच तुकड्यातून बनवता येतो. लहरीच्या निम्म्या लांबीचा एक तुकडा घेऊन त्याची मधली तार कडीच्या दोन टोकांमध्ये जोडायची, खाली जाणाऱ्या केबलची मधली तार त्यांपैकी एका टोकाला लावायची आणि सगळ्या विणी एकत्र बांधायच्या. १७५ मेगाहर्ट्झच्या आसपासच्या प्रक्षेपणासाठी हवेतली निम्मी लहर सुमारे ८६ सेंटिमीटर भरते. पण केबलच्या पॉलिथिनमध्ये लहर हवेतील वेगाच्या दोन-तृतीयांश वेगानेच धावते, म्हणून तुकडा सुमारे ५७ सेंटिमीटरचा कापावा लागतो. या अर्ध्या लहरीच्या फेऱ्यामुळे दोन टोकांचे संकेत एकमेकांशी जुळतात आणि ३०० ओहमचे ७५ होतात. ज्याने हा तुकडा मोजून कापला त्याने तरंगगतीचा एक संपूर्ण धडा छपरावर बसून केला, असे म्हणायला हरकत नाही.

पडद्यावरच्या ‘भुतां’चेही दोन प्रकार असतात आणि मोजपट्टीने ते वेगळे ओळखता येतात. चित्राची एक ओळ रेखाटायला सुमारे ५२ मायक्रोसेकंद लागतात. २० मीटर केबलच्या दोन्ही टोकांचे जोड वाईट असतील, तर संकेत तिच्यात एक फेरी मारून ०.२ मायक्रोसेकंद उशिरा येतो. अर्धा मीटर रुंद पडद्यावर हे जेमतेम २ मिलिमीटरचे अंतर. कडा फक्त पसरट दिसतात. पण पोलादी सांगाडा, धुरांडे किंवा पाण्याची टाकी यांवरून परावर्तित होऊन ३०० मीटर जास्त चाललेली लहर १ मायक्रोसेकंद उशिरा येते आणि मूळ चित्राशेजारी जवळपास एक सेंटिमीटरवर दुसरी आकृती उभी करते. पोलादाच्या कारखान्यालगत राहणाऱ्याने हा दुसरा प्रकार आधी तपासावा. केबल बदलून तो जात नाही, अँटेना फिरवून जातो.

केबलचा खरा शत्रू मात्र पाणी. उन्हाने आवरणाला चिरा पडतात, जूनमध्ये त्यांतून पाणी विणीत शिरते आणि वातीतून तेल चढावे तसे विणीतून सरकत जाते. छपरावरचा ॲल्युमिनियम आणि केबलचे तांबे जिथे भेटतात, तिथे ओलाव्यात एक लहानशी विद्युतघट तयार होते आणि जोड खात जाते. घरात शिरण्याआधी केबलला खाली एक झोळ द्यावा, म्हणजे पाणी तिथून ठिबकते. हा झोळ देणारा आणि न देणारा, असे मेकॅनिकांचे दोन वर्ग करता येतात.

१९८२ मध्ये रंग आले, ऑगस्ट १९८३ मध्ये इन्सॅट-१बी वर गेला, आणि १९८४ पासून लहान प्रक्षेपकांनी देशभर अशी असंख्य वर्तुळे आखली. बाहेर राहिलेली गावे हळूहळू कोणत्या ना कोणत्या वर्तुळात आली. डिसेंबर २००४ मध्ये दूरदर्शनची थेट घरपोच सेवा सुरू झाली, तेव्हा उपग्रहापासून घरापर्यंत थेट, मध्ये मनोरा नाही, ही १९७५ ची रचना जवळजवळ जशीच्या तशी परतली. फरक इतकाच की लहरलांबी अडीच-तीन सेंटिमीटरवर आल्याने खुराड्याची जाळी निरुपयोगी ठरली आणि ६० सेंटिमीटरची तबकडी पुरेशी झाली. पहिला वर्धक तबकडीच्या समोरच बसतो. त्याला लागणारी वीज केबलमधून वर जाते आणि संकेत त्याच केबलमधून खाली येतो. केबल तीच, ७५ ओहमची.

२०२१-२२ च्या सुमारास दूरदर्शनने जमिनीवरचे बहुतेक ॲनालॉग प्रक्षेपक बंद केले. पूर्वेकडे तोंड करून उभ्या असलेल्या काड्यांना आता टिपण्यासारखे काही उरलेले नाही. दूरदर्शनच्या मोफत सेवेचा उपग्रह ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे. १९७५ मध्ये दुर्गच्या शाळेतली जाळी दक्षिणेपासून ७१ अंश पश्चिमेकडे, क्षितिजालगत पाहत होती. आज भिलाईच्या छपरावरची तबकडी दक्षिणेपासून सुमारे ३१ अंश पूर्वेकडे, ६२ अंश उंचावर पाहते.